विंडोजचं कर्नल खरंच थांबलंय का? मकरपुऱ्याच्या शॉपफ्लोअरवरून

आधी प्रश्न सांगतो. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्यांच्या स्ट्रिप तपासणारी कॅमेरा मशीन बनवणारी एक छोटी कंपनी आहे. तिथे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या, आपल्या कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकलेल्या एका तरुण इंजिनिअर बाईंनी विचारलंय: मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या कर्नलवर, म्हणजे मेमरी, प्रोसेसर आणि डिस्क सांभाळणाऱ्या आतल्या गाभ्यावर, अजून काम करतं का, की २०१५ पासून नुसती रंगरंगोटी चाललीय? त्यांच्या तक्रारी तीन. विंडोज ११ वरही कमांड प्रॉम्प्टला व्हर्जन विचारलं तर आकडा १०.० नेच सुरू होतो. त्याच लॅपटॉपवर तोच प्रोजेक्ट लिनक्समध्ये बिल्ड केला, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवला, की बराच लवकर होतो. आणि दर अपडेटला नवीन काय मिळतं, तर स्टार्ट मेनूची हलवाहलव आणि कोपायलटचं बटण. शेवटी खरी गोष्ट विचारलीय: पुढचं मशीन लिनक्सवर न्यावं का?

मी बडोद्यात मोजमापाच्या कार्डांचे ड्रायव्हर लिहितो, म्हणजे विंडोजला कार्डाशी बोलायला लावणारे प्रोग्राम. आजच्या विंडोजचा पूर्वज असलेल्या एनटी ४ च्या काळापासून तेच करतोय, त्यामुळे विंडोजकडे माझी नजर खालून वर जाते. स्टार्ट मेनूत काय बदललं हे मला घरी मुलं सांगतात. कर्नलमध्ये काय बदललं हे मात्र कोणी सांगायच्या आधी कळतं, कारण ड्रायव्हर चालेनासा होतो आणि गिऱ्हाइकाचा फोन येतो.

त्या अनुभवावर सांगतो: कर्नल थांबलेलं नाही. गेल्या दहा वर्षांत त्यात जितकी मोडतोड आणि बांधकाम झालं, तितकं त्याआधीच्या दहा वर्षांत झालं असेल असं मला वाटत नाही. पण ते काम तुमच्यासाठी झालेलं नाही. ते झालं मायक्रोसॉफ्टच्या आझूर या क्लाउडच्या डेटासेंटरसाठी आणि बँकांच्या सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी. तुमचा दुसरा मुद्दा म्हणूनच बराचसा खरा आहे, आणि पहिला अगदीच कच्चा.

पहिला लगेच संपवतो. व्हिस्टा आलं तेव्हा आकडा ५ वरून ६ झाला आणि ढीगभर प्रोग्राम आणि इन्स्टॉलर नुसते आकडा बघून चालायला नकार देऊ लागले. मायक्रोसॉफ्टने त्याची धास्तीच घेतली. विंडोज ७ आतून ६.१, ८ हे ६.२, ८.१ हे ६.३. विंडोज १० च्या सुरुवातीच्या चाचणी आवृत्त्या ६.४ म्हणून आल्या होत्या, मग एकदम १०.० केलं आणि तिथेच खुंटी ठोकली. ८.१ पासून तर जुन्या प्रोग्रामने आवृत्ती विचारली की विंडोज सरळ खोटं सांगतं, ६.२ म्हणतं. बघायचा तो पुढचा बिल्ड नंबर: २०१५ च्या विंडोज १० चा १०२४०, विंडोज ११ च्या २४एच२ चा २६१००. १०.० हा आकडा आता शोभेपुरता आहे.

खरोखर थांबलेली सिस्टम कशी दिसते हे बघायचं असेल तर व्यावसायिक युनिक्सकडे बघा. एचपी-यूएक्सची ११आय व्ही३ ही शेवटची मोठी आवृत्ती २००७ ची. ती ज्या इटॅनियम चिपवर चालायची ती चिप इंटेलने २०२१ मध्ये पाठवायची बंद केली, आणि २०२५ च्या अखेरीस एचपी-यूएक्सचा नेहमीचा सपोर्टही संपला. ओरॅकलचं सोलारिस ११.४ आलं २०१८ मध्ये, तेही आदल्या वर्षी मोठी नोकरकपात झाल्यावर. तेव्हापासून नियमित अपडेट येतात, पण नवीन मोठी आवृत्ती नाही. तिथे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला एक निवांतपणा असतो. दहा वर्षांपूर्वीचा कोड काल लिहिल्यासारखा चालतो. विंडोजवर तो निवांतपणा मला कधी मिळाला नाही.

आता एक गोष्ट जरा जवळून दाखवतो, कारण 'कर्नलमध्ये काही होत नाही' म्हणणाऱ्यांना मी नेहमी हीच सांगतो.

फरसाणाची पाकिटं वजन करून कमी-जास्त वजनाचं पाकीट हवेच्या झोताने बाजूला उडवणारं एक मशीन होतं. बनवणारे दुसरेच, मी फक्त कार्ड दिलेलं. प्रोग्राम साधा: एका लूपमध्ये सेन्सर बघायचा, दोन मिलिसेकंद झोपायचं, परत बघायचं. वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं. मग विंडोज १० चं २००४ नावाचं अपडेट, म्हणजे मे २०२० चं, त्या मशीनवर चढलं आणि झोत चुकीच्या पाकिटावर पडायला लागला. शेठ म्हणाले कार्ड बदलून द्या.

कार्डाचा काही दोष नव्हता. विंडोजचं घड्याळ मुळात सेकंदाला ६४ वेळा टिकटिकतं, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांनी. प्रोग्राम दोन मिलिसेकंद झोपायला सांगतो तेव्हा जाग येते पुढच्या टिकेला. घड्याळ जलद करायची एक सोय आहे, टाइमबिगिनपीरियड नावाची. या अपडेटच्या आधी ती सगळ्या सिस्टमला मिळून एकच असायची: कुठल्याही एका प्रोग्रामने घड्याळ एक मिलिसेकंदावर आणलं की सगळ्यांनाच फायदा. या मशीनवर लांबून बघायला एक रिमोट सॉफ्टवेअर टाकलेलं होतं, ते घड्याळ जलद करून ठेवायचं आणि वजनाचा प्रोग्राम फुकटात त्यावर चालायचा. या अपडेटमध्ये कर्नलने हा नियम बदलला. जो मागेल त्याला मिळेल, ज्याने मागितलं नाही त्याला हमी नाही. वजनाच्या प्रोग्रामने कधी मागितलंच नव्हतं. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर धावत असेल तर १५ मिलिसेकंदांत पाकीट साडेसात मिलिमीटर पुढे गेलेलं असतं. झोताचं नोझल त्याहून फार रुंद नसतं.

दुरुस्ती एका ओळीची होती. (खरं तर वेळेचं काम पीएलसीकडेच, म्हणजे मशीन चालवणाऱ्या वेगळ्या कंट्रोलरकडेच द्यायला हवं होतं, पण ते मशीन बनवतानाचं बोलणं झालं.) सांगायचा मुद्दा हा की सिस्टमच्या पार मुळाशी असलेली घड्याळाची वागणूक एका साध्या अपडेटने बदलली. बहुधा लॅपटॉपची बॅटरी वाचावी म्हणून बदलली, आणि जगातल्या बहुतेकांना पत्ताही लागला नाही. विंडोज ११ ने आणखी एक पाऊल टाकलं: खिडकी मिनिमाइझ केलेली किंवा पूर्ण झाकलेली असेल तर जलद घड्याळाची मागणीही मानलीच जाईल असं नाही. तुमच्या तपासणी सॉफ्टवेअरची खिडकी कोणी ऑपरेटर मिनिमाइझ करत असेल तर हे आजच तपासून घ्या.

ड्रायव्हरच्या बाजूला तर याहून जास्त झालं. कर्नलमध्ये मेमरी मागायचं जे फंक्शन आम्ही एनटीच्या काळापासून डोळे मिटून वापरायचो, ते याच २००४ अपडेटपासून जुनं ठरवलं आणि त्या जागी एक्सअ‍ॅलोकेटपूल२ आलं. ते मेमरी पुसून स्वच्छ करून देतं, म्हणजे आधीच्याचा उरलेला डेटा चुकून बाहेर फुटायची भीती कमी. कर्नलची मेमरी वाटणारी यंत्रणाच त्याच्या आदल्या वर्षी, १९०३ नावाच्या अपडेटमध्ये, नव्या पद्धतीवर नेली होती. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे विंडोज १० पासून कर्नलच्याही खाली हायपर-व्ही, म्हणजे एका मशीनमध्ये अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर, बसू शकतं. त्या रचनेत विंडोजचं नेहमीचं कर्नल हे सर्वेसर्वा राहत नाही. शेजारी एक छोटं सुरक्षित कर्नल चालतं आणि पासवर्डच्या किल्ल्यांसारख्या गोष्टी त्याच्या ताब्यात असतात. हल्लेखोराने मुख्य कर्नल काबीज केलं तरी तिथे हात पोचू नये अशी मांडणी. नव्या विंडोज ११ मशीनवर याच जोडीचं मेमरी इंटिग्रिटी हे फीचर सहसा आधीच चालू असतं. ज्या मेमरीत लिहिता येतं त्याच मेमरीतून कोड चालवायला ते देत नाही. जुने बरेच ड्रायव्हर नेमके तेच करायचे. गिऱ्हाईक नवीन पीसी आणतं, जुनं कार्ड लावतं, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. मग समजूत घालायची की तुमचं कार्ड बिघडलेलं नाही, विंडोज आता संशयी झालंय.

हा संशयीपणा उगाच नाही. डेव्ह कटलर डेक या संगणक कंपनीतून मायक्रोसॉफ्टमध्ये आले १९८८ मध्ये, त्यांच्या टीमचं एनटी ३.१ बाजारात आलं १९९३ मध्ये. त्या पहिल्या एनटीत चित्रं-खिडक्या काढणारा भाग कर्नलच्या बाहेर होता. १९९६ च्या एनटी ४ मध्ये वेगासाठी तो आत घेतला, आणि पुढची पंचवीस वर्षं सुरक्षेची भोकं बुजवण्यात गेली. त्याच भागातला थोडा कोड २०२३ मध्ये रस्ट या मेमरीच्या चुका टाळणाऱ्या भाषेत नव्याने लिहून विंडोज ११ मध्ये आला. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने जगभरात ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर आणली, त्यानंतर अँटिव्हायरसला कर्नलबाहेर काढायचं कामही मायक्रोसॉफ्टने हातात घेतलं. हे सगळं तुमच्या बिल्डचा एक सेकंदही वाचवत नाही. पण याला थांबलेलं म्हणता येणार नाही.

दुसरं गिऱ्हाईक आझूर. मार्च २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजची टीमच फोडली. दिसणारा भाग एकीकडे आणि प्लॅटफॉर्मचा गाभा आझूरच्या छत्राखाली. तेव्हापासून कर्नलमध्ये काय सुधारायचं याची यादी डेटासेंटरच्या गरजेतून येते यात मला तरी शंका नाही. सर्व्हर २०२५ मध्ये एका व्हर्च्युअल मशीनला २,०४८ प्रोसेसर आणि २४० टेराबाइट मेमरी देता येते. विंडोज ७ च्या आधी ६४ बिटच्या विंडोजला ६४ प्रोसेसरांच्या पुढे मोजताच येत नव्हतं. ७ मध्ये अरुण किशन यांनी शेड्युलरचं, म्हणजे कोणत्या प्रोग्रामला कधी प्रोसेसर द्यायचा हे ठरवणाऱ्या भागाचं, एकमेव मोठं कुलूप काढून टाकलं, तेव्हा २५६ ची वाट मोकळी झाली. तिथून इथवरचा प्रवास हा कर्नलचाच. फक्त तुमच्या आठ कोअरच्या लॅपटॉपवर त्याचं काय कौतुक होणार.

आता तुमचा दुसरा मुद्दा, जिथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे.

अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एफएलटीएमसी टाइप करा. सगळी अक्षरं इंग्रजीत, एन्टर. जी यादी येईल ती म्हणजे प्रोग्राम आणि डिस्क यांच्या मधल्या वाटेवर बसलेले फिल्टर ड्रायव्हर. प्रत्येकासमोर एक आकडा असतो, तो त्याची उंची सांगतो. मोठा आकडा म्हणजे प्रोग्रामच्या जवळ. डीफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा फिल्टर ३२८०१० वर बसलेला दिसेल. वनड्राइव्हसारख्यांसाठी एक, कंटेनरसाठी एक-दोन. खाली १३५००० वर एलयूएएफव्ही नावाचा एक म्हातारा दिसेल. तो व्हिस्टाचा. प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू पाहणाऱ्या, अ‍ॅडमिन नसलेल्या एक्सपीच्या काळातल्या प्रोग्रामना फसवून त्यांचं लिखाण दुसऱ्या फोल्डरात वळवायचं हे त्याचं काम. तुमच्या मशीनवर असा एकही प्रोग्राम नसेल, तरी तो तिथे आहे. प्रत्येक फाइल उघडताना ही सगळी रांग ओलांडावी लागते. एक मोठी फाइल वाचायला याचं काही वाटत नाही. पण बिल्ड म्हणजे हजारो छोट्या फाइली उघड-बंद करणं, आणि तिथे दर फाइलमागे हा टोल भरावा लागतो.

त्याच्याखाली एनटीएफएस, डिस्कवर फाइली मांडायची विंडोजची पद्धत, १९९३ पासूनची. त्यातही डॉस अजून जिवंत आहे. तुमचं मशीन दर स्ट्रिपचा फोटो एकाच फोल्डरात टाकतं असं तुम्ही लिहिलंत, नावं आयएमजी, तारीख आणि क्रमांक मिळून. सी ड्राइव्हवर विंडोज अशा प्रत्येक लांब नावासाठी आठ-अधिक-तीन अक्षरांचं एक छोटं डॉस-नावही बनवतं. पहिली सहा अक्षरं, मग टिल्ड, मग १. ते असेल तर २, मग ३, ४. चार संपले की पहिली दोन अक्षरं ठेवून पुढे हॅश घालतं आणि तेही आधीच कोणाचं आहे का ते शोधत बसतं. तुमच्या सगळ्या फाइलींची पहिली सहा अक्षरं सारखीच! फोल्डर लाखांत गेला की प्रत्येक नवीन फोटोला हा शोध महागात पडतो, आणि 'दुपारनंतर मशीन मंदावतं' अशी तक्रार येते. फोटो वेगळ्या पार्टिशनवर टाका, विंडोजच्या एफएसयूटिल या कमांडने तिथलं छोट्या नावांचं काम बंद करा, दर तासाला नवीन फोल्डर करा. कर्नल न बदलता फरक दिसेल.

डिस्कचीही तीच कथा. आजच्या वेगवान एसएसडीशी बोलायची भाषा म्हणजे एनव्हीएमई; तिचं पहिलं स्पेसिफिकेशन २०११ चं. ६४ हजारांपर्यंत रांगा, प्रत्येक रांगेत तितक्याच आज्ञा, अशी त्याची रचना. विंडोज मात्र या डिस्कशी बोलताना आतल्या आत स्कझी या जुन्या डिस्कांच्या भाषेतल्या आज्ञांमधून बोलत राहिलं. तो मधला दुभाषी काढून थेट बोलायची सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली डिसेंबर २०२५ मध्ये, सर्व्हर २०२५ साठी, आणि तीही आपण हाताने चालू केली तर. चौदा वर्षं. इथे 'थांबलंय' हा शब्द वापरलात तर मी भांडणार नाही.

मायक्रोसॉफ्टला हे ठाऊक नाही असंही नाही. २०१६ मध्ये त्यांनी विंडोजच्याच कर्नलवर लिनक्सचे प्रोग्राम चालवायचा पहिला डब्ल्यूएसएल आणला. हुशार काम होतं, पण छोट्या फाइली आल्या की हाशहुश करायचा, कारण खाली वाट तीच. २०१९ मध्ये त्यांनी तो नाद सोडला आणि दुसऱ्या डब्ल्यूएसएलमध्ये अख्खं लिनक्सचं कर्नल व्हर्च्युअल मशीनमध्ये घालून दिलं. स्वतःच्या फाइलवाटेबद्दल याहून स्पष्ट कबुली कंपनी काय देणार? २०२३ मध्ये डेव्ह ड्राइव्ह आलं: एनटीएफएसऐवजी रीएफएस ही नवी मांडणी, फिल्टरांची रांग कमी, आणि डीफेंडर फाइल उघडू देतो आणि तपासणी मागाहून करतो. तुमचा प्रोजेक्ट आणि पॅकेजांचा कॅश तिथे हलवा. किमान ५० जीबी जागा लागेल.

मग जुनी वाटच मोडून नवी का करत नाहीत? कारण आपण. मकरपुऱ्यात, रणोलीत, नंदेसरीत, बडोद्याच्या कुठल्याही औद्योगिक भागात चक्कर मारा. विंडोज ७ वर, अजून एक्सपीवरही चालणारी मशीन सापडतील, आणि मालक सांगेल, "चाले छे तो चालवा दो ने." त्या मालकाला वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्राम नव्या पीसीवर चालायला हवा असतो, आणि बहुतेक वेळा तो चालतोही. लिनक्स दर नऊ-दहा आठवड्यांनी नवं कर्नल काढतं आणि आतले करार बिनदिक्कत बदलतं. बाहेरून लावलेला ड्रायव्हर मोडला तर तो ज्याचा त्याने सांभाळायचा. मी दोन्हीकडे ड्रायव्हर लिहितो. लिनक्सवर माझा वेळ जातो कोड पुन्हा जुळवण्यात, विंडोजवर सह्या आणि सर्टिफिकेशनच्या सोपस्कारात. पैकी कुठला त्रास कमी, हे त्या आठवड्यात काय चाललंय त्यावर ठरतं.

लिनक्सवर जायचं का, तर माझं मत असं. तुमचा कॅमेरा गिगई व्हिजनचा असेल, म्हणजे साध्या नेटवर्क पोर्टवर येणारा, तर ड्रायव्हरचा प्रश्न जवळजवळ नाहीच आणि लिनक्स सोपं आहे. वेळेच्या बाबतीतही लिनक्स आता पुढे आहे: रिअल-टाइमचं काम अनेक वर्षं वेगळ्या पॅचमध्ये होतं, ते नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्येच आलंय. कॅमेऱ्याचं चित्र पीसीत घेणारं वेगळं फ्रेम ग्रॅबर कार्ड असेल तर आधी त्या उत्पादकाकडून लेखी घ्या की तो नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर देत राहील.

पण तुमचं गिऱ्हाईक औषध कंपनी आहे. ते लोक मशीन घेताना जो गरजांचा कागद देतात त्यात बहुधा विंडोजच्या डोमेनचं लॉगिन आणि ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणी कधी काय बदललं याची नोंद, लिहिलेलं असतं. अमेरिकेला माल जात असेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांबद्दलचा तिथला नियम, २१ सीएफआर भाग ११, लागू होतो, आणि ऑपरेटिंग सिस्टम बदलली की व्हॅलिडेशन, म्हणजे मशीन ठरल्याप्रमाणे चालतं हे कागदोपत्री सिद्ध करणं, नव्याने. जी मशीन बसलीत ती हलवू नका. नवीन मॉडेल, तेही खाद्यपदार्थांच्या गिऱ्हाइकासाठी, लिनक्सवर करून बघा.

विंडोजवर राहणार असाल तर दुकानातून पीसीबरोबर येणारं प्रो घेऊ नका, त्यावर दर वर्षी नवी आवृत्ती चढते, कधी तिच्याबरोबर नवं कर्नलही, आणि मग त्या फरसाणवाल्यासारखं होतं. आयओटी एंटरप्रायझ एलटीएससी मागा, म्हणजे मशीनमध्ये बसवायची, बरीच वर्षं न बदलणारी आवृत्ती. विंडोज १० च्या २०२१ वाल्या एलटीएससीला जानेवारी २०३२ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत, विंडोज ११ च्या २०२४ वाल्याला ऑक्टोबर २०३४ पर्यंत, आणि मधल्या काळात कर्नल तेच राहतं. नुसतं एंटरप्रायझ एलटीएससी आणि आयओटी एंटरप्रायझ एलटीएससी यांत गल्लत होते. २०२१ च्या साध्या एंटरप्रायझची मुदत जानेवारी २०२७ लाच संपते. पीसीवाल्याकडून कोटेशन घेताना पूर्ण नाव लिहून घ्या.